सरकारी आणि धोरणक्षेत्रातल्या तरुणांसाठी परदेशी फेलोशिप: तयारी कुठून सुरू करायची

जिल्हा परिषदेतला अभियंता, मुख्यमंत्री फेलोशिप संपवून एखाद्या विभागात सल्लागार म्हणून राहिलेली मुलगी, खासदारांच्या कार्यालयात विधेयकांची टिपणं काढणारा तरुण, गडचिरोलीत वनहक्काच्या दाव्यांवर काम करणारी कार्यकर्ती. यांच्यापैकी कुणालाही काही महिने ते वर्षभर परदेशात राहून तिथला कारभार आतून पाहता येतो, आणि मुख्य खर्च फेलोशिप उचलते. तरी अर्ज करणाऱ्यांत ही मंडळी फार कमी दिसतात. ‘ते आयएएसवाल्यांसाठी असतं’ आणि ‘आपलं इंग्रजी तसलं’ ही दोन कारणं मला सतत ऐकू येतात. पहिलं चुकीचं आहे आणि दुसऱ्यावर उपाय आहे. खरी अडचण तिसरीच असते, ती म्हणजे कार्यालयाची परवानगी. ती फारसं कुणी बोलून दाखवत नाही आणि ऐनवेळी तीच आडवी येते. म्हणून या लेखात तिला बरीच जागा दिली आहे.

आधी प्रकार ओळखा

फेलोशिप या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळे कार्यक्रम चालतात. नवखा माणूस सगळ्यांना एकच समजतो आणि एकच निबंध सगळीकडे पाठवतो. तसं करू नका.

चीव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती आहे आणि ती १९८३ पासून चालू आहे. तिच्यावर ब्रिटनमधल्या विद्यापीठात एका वर्षाची मास्टर्स करता येते. फी, दरमहाचा खर्च आणि जाण्या-येण्याचं विमानभाडं मिळतं, शिवाय पदवी हातात पडते. नोकरीत मधल्या टप्प्यावर असलेल्यांसाठी चीव्हनिंगच्याच नावाने काही आठवड्यांच्या फेलोशिपही असतात. त्यांची जाहिरात वेगळी निघते.

ह्यूबर्ट हंफ्रे फेलोशिप अमेरिकेची. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष हंफ्रे यांच्या स्मरणार्थ राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ती १९७८ मध्ये सुरू केली. इथे पदवी मिळत नाही. साधारण दहा महिने तुम्ही एका विद्यापीठात राहता, हवे ते वर्ग करता आणि निदान सहा आठवडे एखाद्या सरकारी कार्यालयात किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करता. विद्यापीठ तुम्ही निवडायचं नसतं. तुमच्या विषयानुसार ते ठरवून दिलं जातं आणि वेगवेगळ्या देशांतून आलेल्या त्याच विषयाच्या फेलोंबरोबर तुमचा गट होतो. भारतातले अर्ज यूएसआयईएफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) ही १९५० साली स्थापन झालेली संस्था पाहते. तिचं एक कार्यालय मुंबईत आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अशा कार्यक्रमांच्या निधीत २०२५ पासून बरीच उलथापालथ झाली आहे. त्यामुळे तयारीला लागण्याआधी या वर्षाची जाहिरात निघाली आहे का, ते यूएसआयईएफच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

जर्मन चान्सलर फेलोशिप अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट फाउंडेशन देतं आणि भारतीयांना ती खुली आहे. हिचा बाज निराळा आहे. तुमचा प्रकल्प तुम्हीच ठरवायचा, जर्मनीतली यजमान संस्थाही तुम्हीच शोधायची आणि वर्षभर त्या प्रकल्पावर काम करायचं. जर्मन भाषेचा वर्ग आणि देशाचा अभ्यासदौरा त्यातच येतो. यजमान विद्यापीठच हवा असं नाही. नगरपालिका, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, वृत्तसंस्था, कुणीही चालतं.

काही कार्यक्रमांना अर्जच नसतो. अमेरिकेचा इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅम १९४० पासून चालू आहे. त्याचा फॉर्म कुठे मिळतो असं लोक विचारत राहतात, पण फॉर्म नाहीच. अमेरिकी दूतावास आणि वाणिज्य दूतावास स्वतः नावं सुचवतात. तुमचं काम त्यांच्या नजरेत येईल अशा परिषदा आणि चर्चांना जाणं, एवढंच आपल्या हातात असतं. जपानच्या जायका संस्थेची प्रशिक्षणंही अशीच सरकारी वाटेने येतात. केंद्राकडून राज्याला, राज्याकडून विभागाला पत्र जातं आणि ते प्रशिक्षण शाखेत येऊन थांबतं. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर त्या शाखेतल्या लिपिकाला भेटून ‘असं पत्र आलं तर कळवा’ असं सांगून ठेवा. ज्यांना ही प्रशिक्षणं मिळतात त्यांना बहुधा पत्राचा पत्ता वेळेत लागलेला असतो.

कुणी कुठे अर्ज करावा, याबद्दल माझं मत सांगते. दोन-चार वर्षं काम झालंय, मास्टर्स झालेलं नाही किंवा विषय बदलायचा आहे, तर चीव्हनिंग. आठ-दहा वर्षं नोकरी झालीय आणि आणखी एका पदवीचा उपयोग नाही, तर हंफ्रे. एखादा प्रश्न डोक्यातून जातच नाही आणि एकट्याने वाट काढायची सवय आहे, तर जर्मन चान्सलर. ही तिसरी फेलोशिप आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, आणि जिल्ह्याच्या पातळीवर काम केलेल्या माणसाला ती उत्तम लागू पडते.

पात्रता कागदावर मोजा

चीव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो तासांत मोजतात: २,८०० तास. आठवड्याला ३५ तास आणि वर्षाचे ४० आठवडे धरले की दोन वर्षांचे एवढे तास होतात. अर्धवेळ आणि विनावेतन कामही मोजता येतं, फक्त पदवीआधीचं काम धरायचं की नाही हे त्या वर्षीच्या नियमात वाचा. एक साधा तक्ता करा: संस्था, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, एकूण तास. पूरपरिस्थितीत केलेलं स्वयंसेवकाचं काम किंवा मतदारयादीच्या मोहिमेतलं काम लोक विसरतात. ते तक्त्यात आलं की तासही भरतात आणि निबंधाला विषयही सापडतो.

हंफ्रेला पदवी आणि निदान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. अलीकडच्या काळात अमेरिकेत फार दिवस राहिलेल्यांना ती मिळत नाही. त्यामुळे जे कधी तिकडे गेलेच नाहीत त्यांचं इथे काहीच बिघडत नाही. जर्मन चान्सलरसाठी पहिली पदवी मिळून १२ वर्षांहून जास्त काळ गेलेला नसावा.

यातल्या कुठल्याही फेलोशिपच्या अर्जाला शुल्क नाही. ‘सीट पक्की करून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर तिथून उठा.

कार्यालयाची परवानगी: फॉर्मच्या आधी

सरकारी, निमसरकारी किंवा महामंडळाच्या नोकरीत असाल तर हा भाग दोनदा वाचा. निवड झाल्यावर परवानगी मागू, असा विचार करणाऱ्यांची फाईल विमानाच्या तारखेपर्यंत एखाद्या टेबलावर पडून राहते.

सुरुवात ना हरकत प्रमाणपत्रापासून होते. यूएसआयईएफसारख्या संस्था अर्जाबरोबरच नियोक्त्याची संमती मागतात. निवड झाल्यास एवढ्या काळाची रजा देऊ, असं त्यात लिहिलेलं हवं असतं. त्यासाठी आस्थापना शाखेकडे अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जाला फेलोशिपची जाहिरात, तुमचा विषय आणि विभागाला होणारा फायदा यांचं एकपानी टिपण जोडा. टिपणात ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हा शब्द नको. ‘नागरी घनकचरा व्यवस्थापनातील ठेव-परतावा पद्धतीचा अभ्यास’ असं लिहिलं की वरिष्ठांना शेरा मारायला आधार मिळतो. अर्ज टपालात टाकून थांबू नका. विभागप्रमुखांना आधी समक्ष भेटून कल्पना द्या. नुसती टपालातून आलेली फाईल आणि ओळखीची फाईल यांच्या वेगात फरक पडतो.

दुसरी गोष्ट अध्ययन रजा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९७२ च्या रजा नियमांत ती आहे. सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सेवा झालेली हवी, संपूर्ण नोकरीत मिळून २४ महिन्यांपर्यंत ती मिळू शकते आणि परतल्यावर तीन वर्षं सेवा करण्याचा बंध लिहून द्यावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत आणि त्यातही अध्ययन रजेची तरतूद आहे. नियमाचा क्रमांक अर्जातच टाका. लिपिकाला तो शोधत बसावं लागलं तर फाईल त्या दिवशी मागे पडते. पाच वर्षं झाली नसतील तर अर्जित रजा आणि असाधारण रजा जोडून काही जमतं का ते विचारा. परिविक्षाधीन असाल तर बहुतेक वेळा थांबावंच लागतं.

बंधाची धास्ती घेऊन कित्येक जण माघार घेतात. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनीही परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची सेवा करण्याचा करार लिहून दिला होता. सार्वजनिक पैशातून किंवा पगारी रजेवर शिकायला गेलेल्याकडून परतीची हमी मागणं रास्त आहे. फक्त सही करण्याआधी मोडल्यास किती रक्कम भरावी लागेल आणि जामीनदार कोण लागेल, हे नीट वाचा.

तिसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. परकीय योगदान नियमन कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए. त्याचं कलम ६ सांगतं की सरकारी कर्मचारी, सरकारी मालकीच्या संस्थांचे कर्मचारी, न्यायाधीश, आमदार-खासदार आणि राजकीय पक्षांचे पदाधिकारी यांना परदेशात परकीय स्रोताकडून आदरातिथ्य स्वीकारायचं असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. आदरातिथ्य म्हणजे प्रवासखर्च, राहणं, जेवण, औषधपाणी. मोठ्या महानगरपालिकांचे नगरसेवकही यात येतात. अर्ज एफसी-२ या नमुन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन करायचा असतो. निघण्याच्या साधारण दोन आठवडे आधी तो पोचायला हवा असं नियम म्हणतो. मी म्हणेन, निवडीचं पत्र हातात पडताच भरा, कारण त्याला तुमच्या विभागाची संमती जोडावी लागते आणि वेळ तिथेच जातो. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये शिष्यवृत्ती आणि विद्यावेतनाला परकीय योगदानाच्या बंदीतून सूट आहे. पण ती सूट वेगळी आणि आदरातिथ्याची परवानगी वेगळी. कार्यालयात या दोन्हींची गल्लत होते, तेव्हा दोन्ही कलमांची प्रत सोबत ठेवा.

पासपोर्ट नसेल तर तो आजच काढायला घ्या. सरकारी कर्मचाऱ्याला त्यासाठी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र तरी लागतं, नाहीतर कार्यालयाला आगाऊ सूचना दिल्याचं पत्र तरी. हे दुसरं पत्र तुमच्याच सहीचं असतं आणि कुणाची वाट पाहावी लागत नाही.

कंत्राटी किंवा बाह्ययंत्रणेमार्फत काम करणाऱ्यांचं काय? तुमचा नियोक्ता कागदोपत्री कोण आहे ते नेमणूकपत्रात पाहा. एजन्सी असेल तर संमतीपत्र तिचं घ्या, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करता त्यांच्याकडून कामाचं प्रमाणपत्र. बहुतेकांची नोकरी परत येईपर्यंत टिकत नाही, हे धरूनच घरचा विचार करा.

निबंध: तुमच्या कामातला एक प्रश्न

अर्ज इथे जिंकला किंवा हरला जातो. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या मसुद्यांत सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे मोठे शब्द आणि रिकामी जागा. परिवर्तन, सक्षमीकरण, समन्वय. वाचणाऱ्यासमोर अशा अर्जांचा गठ्ठा असतो.

समजा तुम्ही पंचायत समितीत टंचाईचं काम पाहता. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘मी पाणीटंचाई निवारणात नेतृत्व केले आणि विविध विभागांत समन्वय साधून नागरिकांना दिलासा दिला.’ यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. आता हे पाहा:

‘ग्रामपंचायतीचा टँकरचा ठराव आला की गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्या संयुक्त पाहणीची तारीख ठरायलाच वेळ जायचा, कारण दोन्ही कार्यालयं आपापली यादी ठेवायची. मी एकच यादी केली. ठराव आल्याची तारीख आणि पाहणी झाल्याची तारीख शेजारीशेजारी लिहायला लावल्या आणि दर सोमवारी ती यादी दोन्ही टेबलांवर ठेवली. मधलं अंतर सर्वांना दिसू लागलं आणि पाहण्या लवकर होऊ लागल्या. एका गावात मात्र अधिग्रहित विहिरीच्या मालकाने पाणी द्यायला नकार दिला, आणि तिथे माझी यादी काही कामाची नव्हती.’

या परिच्छेदात नेतृत्व हा शब्द एकदाही नाही, तरी ते दिसतं. यादी कुठे कमी पडली तेही लिहिलं आहे, आणि पुढचा प्रश्न तिथूनच निघतो: टंचाई जाहीर होण्याआधी, पाणी असतानाच, वाटपाचे नियम ठरवता येतील का? इंग्लंडमध्ये पाणीपुरवठा कंपन्यांना दुष्काळाचा आराखडा कायद्याने आधीच तयार ठेवावा लागतो आणि त्याच्या मसुद्यावर लोकांची मतं मागवावी लागतात. मग अर्जात लिहायचं: ‘हा आराखडा कसा बनतो, पाणीपातळी कुठवर खाली गेली की कोणता निर्बंध लागू होतो, लोक हरकती घेतात तेव्हा काय होतं, हे पाहायला मला तिथे जायचं आहे.’ आता ‘ब्रिटनच का’ या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं. ‘ब्रिटनमधली विद्यापीठं जगप्रसिद्ध आहेत’ असं लिहायची वेळ आली नाही.

लिहायला बसण्याआधी एक वही घ्या आणि गेल्या दोन-तीन वर्षांतल्या कामातले असे प्रसंग मराठीत उतरवा. काय अडलं होतं, मी नेमकं काय केलं, त्यातून काय बदललं, काय बदललं नाही. इंग्रजी नंतर करा. आधी इंग्रजीत लिहायला बसलं की माणूस त्याला येणारी वाक्यं लिहितो आणि केलेलं काम मागेच राहतं. आकडा असेल तर खरा आणि कागदावर दाखवता येईल असाच द्या. गटाने केलेलं काम असेल तर तुमचा वाटा वेगळा सांगा. दुसऱ्याचं श्रेय ओढलेलं मुलाखतीत दोन प्रश्नांत कळतं.

चीव्हनिंगच्या निबंधांत नेतृत्व, लोकांशी जोडलेलं नातं, ब्रिटनमधला अभ्यास आणि पुढची वाटचाल असे चार विषय असतात. चौथ्यात लोक फार उंच उडी मारतात आणि थेट मुख्य सचिवांच्या खुर्चीवर जाऊन बसतात. परत आल्यावर पहिल्या वर्षी कुठल्या टेबलावर काय वेगळं कराल, तिथून सुरुवात करा. चीव्हनिंगचा नियम आहे की शिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षं मायदेशी राहायचं. ती दोन वर्षं तुम्ही कशी वापरणार, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असतं. अभ्यासक्रम तीन निवडावे लागतात. तिन्हींचा तुमच्या प्रश्नाशी संबंध हवा. एक लोकधोरण, एक व्यवस्थापन आणि एक पर्यावरण असं तिसऱ्याच कारणाने निवडलं तर निबंध फाटतो.

यजमानाला पत्र

हे काम फक्त जर्मन चान्सलरसाठी लागतं, पण त्याला महिने जातात. संस्थेच्या सामान्य पत्त्यावर पाठवलेली ईमेल बहुतेक वाया जाते. तुमच्या विषयावर ज्यांचा अहवाल वाचला त्या व्यक्तीलाच लिहा. त्यातली कोणती गोष्ट उपयोगी वाटली, ते पहिल्याच वाक्यात सांगा.

उदाहरणच घ्यायचं तर, महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा पाण्याच्या बाटल्यांवर ठेव घेऊन ती परत करण्याची तरतूद त्यात होती. ती प्रत्यक्षात नीट रुजली नाही. जर्मनीत एकदा वापरायच्या बाटल्यांवरची ठेव २००३ पासून चालू आहे, बाटलीमागे २५ सेंट. नगरपालिकेत घनकचऱ्याचं काम केलेल्या माणसाने ‘तुमच्याकडे दुकानदार बाटली परत का घेतो आणि आमच्याकडे का घेत नाही’ एवढा एक प्रश्न घेऊन लिहिलं, तर समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटतं. मी कोण, मला काय पाहायचं आहे, तुमच्या संस्थेला माझ्याकडून काय मिळेल, पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का. एवढ्यात पत्र संपवा. बायोडाटा एका पानाचा जोडा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि मग पुढच्या संस्थेकडे वळा.

शिफारसपत्रं

मंत्र्यांचं किंवा मोठ्या साहेबांचं पत्र मिळावं म्हणून धडपडू नका. तुमचं काम रोज पाहिलेल्या गटविकास अधिकाऱ्याचं पत्र अनेकदा जास्त वजनदार ठरतं, कारण त्यात प्रसंग असतो. त्यांना लिहायला वेळ नसतो, म्हणून तुम्ही एका पानावर मुद्दे काढून द्या: कोणतं काम, कोणत्या वर्षी, त्यात अडचण काय होती. पत्र मात्र त्यांनाच लिहू द्या. चीव्हनिंगमध्ये शिफारसपत्रं मुलाखतीसाठी निवड झाल्यावर मागतात, पण विचारून ठेवायचं अर्जाच्या आधीच. अधिकाऱ्यांची मधल्या काळात बदली होते, तेव्हा त्यांचा कायमचा ईमेल पत्ता घेऊन ठेवा.

इंग्रजी

चीव्हनिंग स्वतः इंग्रजीची परीक्षा मागत नाही, विद्यापीठं मागतात. हंफ्रेसाठी टोफेल द्यावी लागते. परीक्षेची तयारी सगळीकडे मिळते. अवघड असतं ते आपलं काम परक्याला समजावणं. प्रांत, तलाठी, गटविकास अधिकारी, ग्रामसभा ही साखळी ज्याने कधी ऐकलेली नाही, त्याला दोन मिनिटांत तुमचं काम सांगून पाहा. घरातल्या नववी-दहावीच्या मुलाला आधी मराठीत सांगा. त्याला कळलं तर इंग्रजीत जाईल. उच्चारांची लाज बाळगू नका. मुलाखत घेणाऱ्यांना जगभरचं इंग्रजी ऐकायची सवय असते.

मुलाखत

‘तुम्ही इथून काय शिकाल’ याची तयारी सगळे करतात. ‘तुमच्याकडून इतरांना काय मिळेल’ हे विचारलं की बरेच जण गप्प होतात. या फेलोशिपमध्ये देवाणघेवाण अपेक्षित असते, आणि आपल्या राज्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. १९७२ च्या दुष्काळात पुढे आलेली रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्राने कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आपल्याकडे लागू आहे. यातल्या ज्या एका गोष्टीशी तुमचं रोजचं काम जोडलेलं असेल ती आतून सांगा, तिच्यातल्या त्रुटींसकट. सरकारी नोकरीत असाल तर सरकारच्या धोरणावर टीका कितपत करावी असा प्रश्न पडेल. ‘अंमलबजावणीत मला हे दिसलं’ असं बोललात की प्रामाणिकही राहता येतं आणि आचरण नियमांच्या बाहेरही जावं लागत नाही.

माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि ते कसं शोधाल ते सांगा.

निवड झाल्यावर

अमेरिकेसाठी जे-१ व्हिसा मिळतो आणि त्यासाठी डीएस-२०१९ हा कागद कार्यक्रमाकडून येतो. सरकारी पैशावरच्या या व्हिसाला एक अट आहे. परत आल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिथला कायम वास्तव्याचा किंवा एच-१बी व्हिसा घेता येत नाही. लग्न किंवा जोडीदाराची नोकरी यांचे बेत आखताना हे धरून चाला. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त काळ जाणाऱ्यांना भारतातून निघण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, आणि ती ठरावीक केंद्रांतच होते.

घरचा हिशोब आधी मांडा. विद्यावेतन एका माणसाच्या खर्चाचं असतं. चीव्हनिंग आणि हंफ्रे कुटुंबाचा खर्च देत नाहीत, जर्मन फेलोशिपमध्ये सोबत येणाऱ्या कुटुंबासाठी भत्ता असतो. बिनपगारी रजा असेल तर घराचा हप्ता, आईवडिलांचं औषधपाणी, मुलांची फी यांची एवढ्या महिन्यांची तजवीज निघण्याआधी झाली पाहिजे. हे न बोलता निघालेल्यांचा तिथला निम्मा वेळ काळजीत जातो.

तिकडे असताना दर आठवड्याला पानभर नोंदी ठेवा: कोणत्या कार्यालयात गेलो, तिथला अर्ज कसा दिसतो, निर्णय कोण घेतो, तक्रार कुठे करतात. छापील नमुने, शुल्कांचे तक्ते, सभेची कार्यक्रमपत्रिका असं जे हाताला लागेल ते जमवा.

परतल्यावर ठरलेल्या तारखेलाच रुजू व्हा आणि रुजू अहवालाची पोच घ्या, नाहीतर रजेच्या हिशोबात पुढे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो. मग पहिल्याच महिन्यात विभागाला एक छोटं टिपण द्या: तिथे काय पाहिलं, आपल्याकडे त्यातलं काय करता येईल, त्यासाठी कोणता शासन निर्णय बदलावा लागेल. त्याची एक प्रत प्रशिक्षण शाखेत ठेवा. तुमच्यानंतर अर्ज घेऊन येणाऱ्या सहकाऱ्याच्या फाईलला ते टिपण जोडता येतं, आणि वरिष्ठांना संमतीचा शेरा लिहायला ते पुरेसं होतं.